टिटवीवरची टाकी

माझी थोरली बहीण गोदा, माझी आका, कमरेएवढ्या पाण्यातून चालत कॅप्टनसाहेबांच्या होडीपाशी आली आणि शेजारणीचं दार वाजवावं तशी होडीच्या कुशीवर बोटांनी टकटक केली.

मी तेव्हा होडीवरच होतो. इंजिनाचा पाण्याचा पंप खोलून बसलेलो, कोपरापर्यंत ग्रीस. वाकून बघितलं तर आका. लुगडं खोचलेलं, डोक्यावर टोपली, पाय गाळात रुतलेले. ओहोटी पार तळाला लागली होती.

"साहेब हायत काय?"

कॅप्टन हेमंत चित्रे खालून वर आले. उंच माणूस, पण होडीच्या बुटक्या दारातून ये-जा करून पाठीला बाक आलेला. सगळा जन्म मोठ्या जहाजांवर काढला आणि रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन आमच्या खाडीत येऊन राहिले. घर म्हणजे ही होडी. टिटवी तिचं नाव. लाकडाची, शिडाची, आमच्याच बुधाजी मेस्त्रीने बांधलेली. आत झोपायला दोन फळ्या, चहाची शेगडी आणि पुढच्या अंगाला कपाटाएवढा संडास.

आकाने टोपलीतून मूठभर तिसऱ्या काढल्या आणि साहेबांच्या पायाशी डेकवर ठेवल्या. ओल्या शिंपल्या, अजून तोंड मिटलेल्या.

"ह्या खाता काय तुम्ही?"

"खातो की. परवाच खाल्ल्या. तुमच्यातल्याच एका बाईंनी दिल्या होत्या."

"मग तुमचंच तुम्ही खाल्लंत," आका म्हणाली.

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. मग मानेपासून कपाळापर्यंत लाल झाले. संडासाची नळी होडीच्या पोटातून थेट पाण्यात उघडायची आणि त्याच पाण्यात ओहोटीला आमच्या खारवीवाड्यातल्या बाया तिसऱ्या काढायला उतरायच्या. त्यांनी तो विचार कधी केला नव्हता. खोटं कशाला सांगू, मीही केला नव्हता.

आका भांडली नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. ट्रॉलरवाले बाहेर समुद्रात जाऊन करतात त्याला आम्ही काय बोलत नाय, म्हणाली, पण तुम्ही आमच्या ताटात राहता. आम्ही बाया बसून ठरवलंय. पावसाळ्याला होडी वर काढाल ती काढा. नारळी पौर्णिमेला परत पाण्यात सोडायची असली तर तिच्यातनं थेंब खाडीत पडता नये. ते भोकच नको. नुसती चावी बसवून चालायचं नाय, चावी असली की उघडणार. नाय जमलं तर दुसरी खाडी बघा.

मग तिने मोर्चा माझ्याकडे वळवला. "आणि तू रे इसराम, त्यांच्याच होडीवर पाना घेऊन बसलायस. तूच बघ काय ते. बिघडलं तर माझ्या दारात तिसऱ्या मागायला यायचं नाय."

माझं नाव विश्राम. विश्राम वासावे. पण आका माझ्यापेक्षा बरीच मोठी, तिने मला कडेवर घेऊन वाढवलेलं, त्यामुळे मी इसरामच. आणि तिच्या हातच्या तिसऱ्या मला किती आवडतात ते तिला पक्कं ठाऊक.

ती गेली तशी साहेब तिथंच डेकवर बसले. तिसऱ्या उचलून एकेक पाण्यात सोडत राहिले. मग म्हणाले, "विश्राम, ही खाडी सुटली तर आमचं सगळं सुटलं."

मी म्हटलं, खाड्यांना काय तोटा साहेब, खाली गेलात की एकापेक्षा एक पडल्यात. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "दुसऱ्या खाडीत खिडकीतून हा डोंगर दिसणार नाही."

पलीकडच्या काठाला डोंगर आहे, त्यावर एकच पांढरं देऊळ. असे डोंगर कोकणात पायलीला पन्नास. मी मनात म्हटलं, म्हातारा हळवा झाला.

तेवढ्यात वसुधाताई चहा घेऊन वर आल्या. साहेबांची बायको. गोरी, किरकोळ, केस पांढरे पण नीट विंचरलेले. कप माझ्या हातात दिला आणि हसून विचारलं, "तुम्ही बाबूराव ना?"

"विश्राम," मी म्हटलं. त्या आधीच्या खेपेला मी दिनकर होतो. वर्षभर त्या होडीवर येत होतो मी. मोठ्या लोकांना गड्याचं नाव लक्षात ठेवायची गरज वाटत नाही असं समजून मी ते सोडून दिलं होतं. पण चहा झकास असायचा.

*

पावसाळ्यासाठी टिटवी वर काढली, बंदरावर माझ्या शेडला लागूनच झापांचा मांडव घातला आणि तिला आत घेतली. साहेब आणि ताई देसायांच्या माडीवर भाड्याने राहायला गेले. साहेब रोज सकाळी यायचे, पण बसायचे नाहीत. थोडं काम बघायचं, दोनदा माडीकडे बघायचं आणि निघायचं. जाताना त्यांच्या खिशात माडीची किल्ली वाजायची.

साहेबांनी उपाय काढला होता, संडासासाठी होडीतच टाकी बसवायची. असलं काम मी बापजन्मात केलं नव्हतं. मी चौथी पास. इंजिनं, पंप, बंदरावरच्या संडासाच्या पाइपलायनी, हे माझं काम. साहेबांनी माझ्या शेडच्या फरशीवर खडूने काढून दाखवलं. संडासातलं सगळं आता समुद्रात जाणार नाही, टाकीत जाणार. टाकीतून एक जाड नळी वर डेकपर्यंत, तिच्या तोंडाला पितळी झाकण. होडी बंदराला लागली की झाकण उघडायचं, वरून पंपाची नळी घालायची आणि टाकी ओढून रिकामी करायची. आणि एक बारीक नळी टाकीपासून बाहेर होडीच्या कुशीला, हवेसाठी. आत काही आलं की तेवढी हवा बाहेर गेली पाहिजे, आणि ओढून काढताना तेवढी आत आली पाहिजे.

मी म्हटलं समजलं. ओढून काढलेलं टाकायचं कुठं तेही माझ्याकडे होतं. मच्छीमार सोसायटीच्या संडासाची मोठी सेप्टिक टाकी बंदराला लागूनच होती, तिचे पाइप मीच टाकले होते. एका मोडीत निघालेल्या ट्रॉलरचा हातपंप घेतला, त्याचं रबर बदललं आणि चबुतऱ्यावर बसवून टाकला. आका येता-जाता बघायची. म्हणाली, "म्हंजे होडी आली की बांधायची आणि पिळून काढायची. म्हशीसारखी."

"तसंच," मी म्हटलं.

"म्हस दूध तरी देते," म्हणाली आणि गेली.

आता मुख्य अडचण सांगतो. टाकीला सगळ्यात चांगली जागा संडासाच्या बैठकीखाली होती. बैठक वीतभर उचलायची, पुढे एक पायरी द्यायची, झालं काम. साहेब नाही म्हणाले. पायरी नको. मग मी म्हटलं, आता संडासात पाणी मारायच्या हातपंपाचं हँडल काढून टाकू, हल्ली बटण मिळतं, दाबलं की आपोआप ओढून घेतं, ताईंना त्रास नको. मला वाटलं खूश होतील. साहेब एकदम उभे राहिले.

"हँडल तेच. त्याच जागी, त्याच उंचीवर. दार त्याच बाजूला उघडलं पाहिजे. आरसा, टॉवेलचा हूक, ती धरायची निळी दोरी, कशालाही हात लावायचा नाही. आत जाऊन बसणाऱ्याला काही बदललंय हे कळता कामा नये, विश्राम."

"साहेब, संडास हाय तो," मी म्हटलं. "देव्हारा नाय."

ते हसले नाहीत. मला जरा चमत्कारिकच वाटलं.

शेवटी जागा उरली एकच. संडासाच्या भिंतीला लागून साहेबांची स्वतःची झोपायची फळी होती. टाकी तिथं बसत होती, पण मग फळी जाणार. मी म्हटलं, तुम्ही झोपणार कुठं? ताईंच्या फळीशेजारी जमिनीवर हातभर रुंदीची पट्टी होती, चालायची. साहेबांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "जहाजावर याहून वाईट ठिकाणी झोपलोय," म्हणाले. त्या वयाचा माणूस, पाठीला बाक, आणि एका हँडलसाठी आपलं अंथरूण सोडतोय. मी आकाला सांगितलं तेव्हा तीसुद्धा थांबली. म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय काय त्याच्या?" मग थोड्या वेळाने, "का तिच्या?"

मला ते तेव्हा उमगलं नाही. एकदा पान्याचा सेट आणायला माडीवर गेलो होतो. वसुधाताई मधल्या खोलीत एका कपाटासमोर उभ्या होत्या, दार उघडून आत बघत. साहेबांनी त्यांचा हात धरला आणि पडवीतून मागच्या न्हाणीकडे घेऊन गेले. मला वाटलं पाय दुखत असेल.

काम जमत गेलं. जाड नळ्या इतक्या ताठ की वळता वळेनात, उकळत्या पाण्यात टोकं बुडवून मऊ करायची आणि तोंडावर चढवायची. बोटं भाजून निघाली. नळीतून वास बाहेर झिरपतो की नाही हे बघायची एक युक्ती साहेबांनी शिकवली. गरम पाण्यात फडकं पिळायचं, नळीवर फिरवायचं आणि फडक्याचा वास घ्यायचा. रोज संध्याकाळी आम्ही दोघं फडकी हुंगत बसायचो. देसायांची सून एकदा बघून गेली, तिने वाड्यात काय सांगितलं असेल देव जाणे.

पोटातलं जुनं भोक बुजवायला बुधाजी मेस्त्रीला बोलावलं. होडी त्यानेच बांधलेली. आता डोळ्यांत मोतीबिंदू, पण हात शाबूत. साहेबांनी त्याला सांगितलं, मेस्त्री, भोक बुजवायचंय, कायमचं. मेस्त्रीने सागाचा गुट्टा तासून ठोकला, कडेने कापूस दाबला, वर चंद्रूस, म्हणजे वितळवलेली राळ, ओतला, घासून सपाट केलं. आका येऊन त्यावर नख ओढून बघून गेली. काही बोलली नाही, म्हणजे पसंत.

माझं एकच राहिलं होतं. हवेच्या नळीच्या तोंडाला लावायची पितळी जाळी रत्नागिरीहून यायची होती, ती काही वेळेत आली नाही. कुशीला नुसतं नळीचं तोंड राहिलं, करंगळी जाईल एवढं. पाण्याच्या बरंच वर होतं, त्यामुळे धोका नव्हता. जाळी आली की लावू म्हटलं.

नारळी पौर्णिमेला सगळ्यांच्या होड्यांबरोबर टिटवी पाण्यात गेली. बुधाजी मेस्त्रीची एक सवय होती. कुणाचीही होडी पाण्यात जायच्या आदल्या दिवशी तो तिच्याभोवती एक फेरी मारायचा, डोळे मिटून, दोन्ही तळहात अंगावरून फिरवत. बायका तान्ह्या पोराला तेल लावतात तसं. टिटवीलाही त्याने फेरी मारली. मग तिला पांढरा रंग लागला, नारळ फुटला आणि ती तरंगली.

*

परीक्षा त्यानंतर काही दिवसांनी ठरली. आका म्हणाली, तुम्ही राहायला लागा, मी एक दिवस येऊन बघीन. मधल्या दिवसांत साहेब मला म्हणाले होते, हँडल थोडं जड लागतंय. मी म्हटलं, नवी रबरं हायत, बसतील चार दिवसांत.

त्या दिवशी सकाळी मी आकाला होडक्यातून टिटवीवर नेलं. बाकीच्या बाया ओहोटीच्या चिखलात तिसऱ्या काढत होत्या, पण सगळ्यांचं अर्धं लक्ष होडीकडे. आकाने चांगलं लुगडं नेसलं होतं. वर चढली, सगळीकडे फिरली. नळ्या बघितल्या. फडकं मागून घेऊन स्वतः हुंगलं. पोटाच्या बाजूला वाकून पाण्यात बघितलं. साहेब तिच्यामागे शाळेतल्या पोरासारखे फिरत होते.

वसुधाताईंनी चहा दिला. आकाला म्हणाल्या, "तुम्ही शांता ना? किती दिवसांनी आलात."

"मी गोदा," आका म्हणाली.

थोड्या वेळाने ताईंनी परत विचारलं, साखर बरोबर आहे ना शांता. आकाने त्यांच्याकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं. साहेब कपात बघत होते. "बरोबर हाय बाय," आका म्हणाली. यावेळी तिने नाव दुरुस्त केलं नाही.

मग ताई उठल्या. वाटेत एक हात खांबाला, दुसरा निळ्या दोरीला, न बघता. संडासाचं दार लागलं. आम्ही आपले इकडचं तिकडचं बोलत राहिलो. आतून हँडलचा आवाज आला, एकदा. मग अर्धा. मग आलाच नाही.

साहेब बोलता बोलता थांबले.

परत एकदा हँडल करकरलं. मग शांत. साहेब दारापाशी गेले. "वसू?"

त्यांनी दाराला कान लावला.

"वसू, काय झालं?"

आतून आवाज आला तो अगदी बारीक, ओळखीच्या घरात चुकून भलत्या दाराने शिरलेल्या पोरीसारखा. "हेमंत, हे आपलं नाही. हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. मला घरी ने."

साहेबांनी दारावर हात ठेवला. ढकललं नाही, आतून कडी होती. "वसू, आपलंच आहे. हँडल जरा अडकलंय."

"आपलं अडकत नाही," ताई म्हणाल्या. "मला घरी ने ना."

साहेब माझ्याकडे वळले. मी त्या माणसाला वादळात बघितलं होतं, शीड फाटलेलं असताना. तेव्हा असा चेहरा नव्हता.

"घरात हिला काही सापडत नाही, विश्राम," ते हळू आवाजात म्हणाले. "पुण्याच्या घरात कपाट उघडून उभी राहते. मुलीने दोन बायका ठेवल्या होत्या, हिला धुवायला, पुसायला. तेव्हा ही बोलायची बंद झाली. इथं एवढंच आहे. चार पावलं, एक दोरी, एक हँडल. हे तिच्या हाताला ठाऊक आहे. इथं ती स्वतःचं स्वतः करते. इथं ती अजून वसू आहे."

मला बाबूराव, दिनकर, सगळी नावं एकदम आठवली.

आकाने कप खाली ठेवला. मला बाजूला केलं, साहेबांनाही केलं. दाराला तोंड लावून म्हणाली, "बाय, कडी काढ. मला पन लागलीय."

तिने दारावर बोटांनी टकटक केली.

"अगं घाईची लागलीय. सकाळपास्नं दाबून धरलीय. सरक जरा."

कडी निघाली. माझी बहीण आडव्या अंगाची, आणि तो संडास कपाटाएवढा. ती कशी आत शिरली आणि दार कसं लागलं ते मला आजही सांगता येणार नाही. आतून बोलणं ऐकू येत होतं. आका म्हणाली, दाखव बघू काय होतंय. मग हँडल करकरल्याचा आवाज. मग आकाचा दम लागल्याचा आवाज.

"तुझ्याकडून हलत नाय, माझ्याकडून पन हलत नाय," आका म्हणाली. "म्हंजे तुझं काय चुकलं नाय. हिच्याच पोटात दुखतंय."

"हिच्या?"

"होडीच्या."

मी पाना घेऊन डेकवर धावलो. साहेब मागून म्हणाले, झाकण उघडून बघ, वरची नळी तुंबली असेल. मी पितळी झाकणाला पाना लावला आणि पाव वळसा फिरवला. आतून सोड्याची बाटली उघडावी तसा फुसकारा आला. मी झटकन झाकण परत आवळलं. अजून पाव वळसा दिला असता तर त्या दिवशी मी, साहेब आणि चिखलातल्या निम्म्या बाया कुणीच घरी जायच्या लायकीचे राहिलो नसतो.

पण फुसकाऱ्याने सांगून टाकलं. नळी तुंबली नव्हती, हवा कोंडली होती. इतके दिवस आत जे गेलं त्याने हवा दाबत आणली होती, आणि ती हवा ताईंचं हँडल उलट ढकलत होती.

मी होडक्यात उतरून कुशीला आलो. हवेचं भोक शोधायला लागलो. भोक नव्हतं. पांढरी स्वच्छ कूस, गुळगुळीत. मी डोळे पुसून परत बघितलं. मग बुधाजी मेस्त्रीसारखे डोळे मिटले आणि हात फिरवला. लागलं. नखाएवढा उंचवटा. सागाचा गुट्टा, कडेने कापूस, वर चंद्रूस, वर रंग. असं बेमालूम काम अख्ख्या किनाऱ्यावर एकच माणूस करतो.

तो किनाऱ्यावर माडाखाली बसलेलाच होता. मी ओरडून विचारलं, मेस्त्री, हे भोक कुणी बुजवलं?

"मी," तो तिथूनच म्हणाला. "साहेब म्हणाला भोक बुजव. एक बुजवलं. मग फेरी मारताना दुसरं हाताला लागलं. एवढं उघडं भोक ठेवून होडी पाण्यात सोडणारा कोण रे शाणा?"

"मीच," मी म्हटलं.

"तरी म्हटलं," मेस्त्री म्हणाला.

मी बरमा घेतला आणि गुट्ट्याच्या मधोमध फिरवायला लागलो. भुसा पडत गेला. मग बरमा एकदम आत गेला आणि जे बाहेर आलं ते सरळ माझ्या तोंडावर. नुसती हवाच, पण कसली हवा. डोळ्यांतून पाणी आलं, होडक्यात मागे बसलो. तशात आतून आवाज ऐकला. हँडल. खाली, वर. खाली, वर. संथ, एकसारखं, जसं आधी वर्षभर ऐकत आलो होतो तसं.

"हललं," ताई आत म्हणाल्या.

"बघ की," आका म्हणाली. "आता मला शिकव कसं मारायचं ते. मला काय येत नाय असलं."

मी वर आलो तेव्हा साहेब दारासमोर त्यांच्या त्या जमिनीवरच्या पट्टीवर बसले होते, पाठ भिंतीला टेकवून. आत हँडल परत वाजलं, यावेळी धसमुसळं. आकाचं. मग ताईंचा आवाज, "अहो इतक्या जोरात नाही. हळू."

बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. ताईंनी हात धुतले, टॉवेल हुकाला लावला, खिडकीतून डोंगराकडे बघितलं, देऊळ जागेवर होतं. मग आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "चहा घेणार ना? ठेवते मी."

आधीचे कप अजून तिथंच पडले होते. आकाने स्वतःचा कप पदराखाली सरकवला. "घेते," म्हणाली. "सकाळपास्नं चहा नाय बघ पोटात."

*

होडकं वल्हवत परत येताना मी विचारलं, "आका, तुला खरंच लागली होती काय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वल्हं थांबवलं.

"ओहोटी लागली की आम्ही चिखलात उतरतो," ती म्हणाली. "भरती येईस्तोवर. चारी बाजूनं उघडं, काठावर बापये बसलेले. तुझा तो संडास बंदराच्या पार त्या टोकाला. तुला काय वाटतं, बायांना लागतच नाय?"

मी जन्मापासून तिला त्या चिखलात उतरताना बघत आलो होतो. बंदरावरच्या संडासाचे पाइप मीच टाकले होते. माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

बाया कंबरेवर हात ठेवून वाट बघत उभ्या होत्या. काय ठरलं, त्यांनी विचारलं. आका होडक्यातून खाली उतरली, चांगलं लुगडं वर खोचलं.

"पाणी साफ हाय. राहू दे त्यांना," म्हणाली. मग एकीकडे बघून, "रखमा, मघापास्नं पाय बदलत उभी हायस ती. जा त्या होडीवर. म्हणावं गोदाने पाठवलंय. बाय शिकवील."

रखमा गेली. तिच्यामागून दुसऱ्या ओहोटीला आणखी दोघी गेल्या. मग ते सुरूच झालं. दोन माणसांच्या हिशोबाने मापलेली टाकी सारखी भरायला लागली. साहेब होडी घेऊन बंदराला यायचे आणि लांबूनच म्हणायचे, "विश्राम, पंप काढ. पाहुण्या फार झाल्या." पंप मारताना ते स्वतः हात लावायचे. त्या पट्टीवर झोपून त्यांची पाठ आणखी वाकली होती, पण मी त्यांना एवढं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं. मी गुट्ट्यात पाडलेल्या भोकाला पितळी जाळी बसवली, आणि दर पावसाळ्यानंतर बुधाजी मेस्त्रीच्या फेरीच्या वेळी तिच्यापाशी उभा राहायला लागलो.

आता साहेब नाहीत, ताई नाहीत. टिटवीही नाही. टाकी मी काढून ठेवलीय, शेडमध्ये आहे.

ताईंचं पुढे पुढे बरंच गेलं. माझं नाव त्यांना कधी आलंच नाही. शेवटच्या हिवाळ्यात काही दिवस साहेबांना त्या काका म्हणायच्या. पण चिखलाच्या पायांनी कुणी बाई होडीवर चढली की त्या उठायच्या, तिचा हात धरायच्या, चार पावलं, निळी दोरी, दार. आत नेऊन हँडलवर तिचा हात ठेवायच्या आणि वर आपला.

"हे बघा, असं. खाली, वर. घाबरायचं नाही. जोर नाही लावायचा, ते आपणहून हलतं."

आका सगळा हिवाळा जायची, प्रत्येक ओहोटीला. आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "असं काय? बरं झालं बाय तू सांगितलंस," आणि पहिल्यापासून शिकून घ्यायची.